सॅकवाली सवाष्ण

योगिनीने दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापला, तेव्हा तिच्या सासूबाई, यमुनाबाई, समोरच खोबरं खवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"अगो, त्या ब्रशानं काय घोडं मारलंन तुझं?"

"वजन कमी होतं, आई."

"किती?"

योगिनीने कापलेला दांडा काट्यावर ठेवला. चिमूटभर मिठाएवढं वजन भरलं. यमुनाबाईंनी एकदा काट्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा खोबरं खवायला घेतलं.

योगिनी रत्नागिरीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. मोजून-मापून देणं हा तिचा धंदाच. सॅक भरताना तिने तीच शिस्त लावली. कपड्यांच्या आतल्या पट्ट्या कापल्या, कंगव्याचे अर्धे दात ठेवले, टॉवेलाऐवजी हातरुमाल घेतला. अलोऱ्याहून निघायचं आणि सह्याद्रीच्या कडेकडेने, कधी चढत कधी उतरत, थेट माचाळच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, पोचायचं, असा बेत होता. हे सगळं एका रात्रीसाठी चाललं होतं. लग्न झाल्यापासून ती एकटी अशी झोपलीच नव्हती. बाळंतपणात दवाखान्यातसुद्धा खाटेखाली कोणीतरी मावशी घोरत होती. घरात कायम चार माणसं आणि चार पाहुणे. दुपारी गोळ्यांच्या पट्ट्या मोजता मोजता तिला मधूनच तो सडा दिसायचा. वाळलेलं सोनेरी गवत, एवढासा तंबू, वर आभाळ, आणि "योगिनी" म्हणून हाक मारणारं कोणी नाही. मग गिऱ्हाईक दोनदा खाकरायचं.

"मी येतो ना बरोबर," नवरा सुजय म्हणाला.

"नको."

"मग सानिकाला ने."

"मुलीला शाळा आहे. आणि नको."

"मग निदान फोन चालू ठेव."

"मंगळसूत्र काढून ठेवू नकोस हां," यमुनाबाई म्हणाल्या. "एकटी बाई. गळ्यात असू दे काहीतरी." योगिनीने तेही मनातल्या मनात वजनात धरलं.

तिने हवामान पाहिलं, चंद्र पाहिला, पाण्याच्या जागा पाहिल्या, रजा पाहिली. पाहिला नाही तो महिना. मार्गशीर्ष लागला होता.

अलोऱ्याला वसाहतीत यमुनाबाईंची भाची विमला राहत होती. तिच्याकडे पहिली रात्र टाळणं शक्यच नव्हतं. सकाळी योगिनी सॅक पाठीला लावून दारात उभी राहिली, तर विमला ताम्हन घेऊन आली.

"विमलाताई, खरंच नको. मला चालायचंय."

"वैनी, सवाष्ण बाई दारातून तशीच गेली तर मी रात्री झोपू काय? पदर धरा."

पदर नव्हताच. विमलाने योगिनीच्या जॅकेटचं टोक पुढे ओढलं, त्यात तांदूळ, सुपारी, खण आणि सोललेला एक जाडजूड नारळ ओतला, कपाळाला कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. ओटीचा नारळ परत द्यायचा नसतो, वाटेत टाकायचा नसतो आणि दुसऱ्याला तर नाहीच नाही, हे योगिनीला लहानपणापासून ठाऊक होतं. एवढे ब्रशचे दांडे कापून जे कमावलं होतं ते त्या एका नारळाने खाऊन वर ढेकर दिला.

तरी पहिला दिवस सुखाचा गेला. दगडी पायऱ्यांची पाखाडी संपली, झाडी लागली. खाली दरीत धुकं होतं आणि ते दुपारपर्यंत उठायच्या विचारात दिसत नव्हतं. चालता चालता योगिनीला गुंगी आली. पाय आपले चालत होते आणि ती आपली कुठेतरी निराळीच, वाऱ्याने झोपलेल्या गवतावर, तरंगत होती. पायांच्या आवाजाला एक लय असते आणि त्या लयीत माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवेनासं होतं, हे तिला नवीनच कळत होतं. संध्याकाळी एका वाडीच्या वरच्या अंगाला तिने तंबूची जागा हेरली. एवढ्यात खालून हाक आली.

"ओ रत्नागिरीवाल्या वैनी! जेवण थंड होतंय!"

विमलाने फोन केला होता. त्या वाडीत तिच्या नणंदेची जाऊ राहत होती. जेवण झालं, गप्पा झाल्या, माजघरात सहा बायकांच्या मधे योगिनीचं अंथरूण पडलं आणि सकाळी निघताना दुसरा नारळ मिळाला. नणंदेच्या जावेने पुढच्या वाडीतल्या आपल्या मावशीला फोन केला.

त्यानंतर योगिनी डोंगरातून चालत नव्हती, एका घरातून दुसऱ्या घरात पोचवली जात होती. कुठे पाणी मागितलं तर पाण्याआधी पाट यायचा. "उभ्या उभ्या नको हां, बस जरा," म्हणायचे आणि आतून नारळ घरंगळल्याचा आवाज यायचा. एके ठिकाणी तिने हुशारी केली. नारळ फोडून दुपारच्या जेवणाला खाल्ला. पाणी प्यायली, अख्खं खोबरं चावून चावून संपवलं आणि पुढचा सगळा चढ पोट धरून चढली. वरच्या वाडीतली म्हातारी तिचा चेहरा बघून म्हणाली, "उपाशी हाय बाय माजी," आणि तिने एक नारळ जास्तच घातला.

रात्री तर विचारूच नका. तंबू सॅकमधून बाहेर येण्याच्या आत कुणीतरी तिला घरात ओढून नेलेलं असायचं. "एकटी? भायेर? आमी काय मेलो काय गो?" मग पडवी, मग जेवण, मग लग्न कुठलं, माहेर कुठलं, मुलं किती. योगिनी उत्तरं द्यायची आणि दाराच्या चौकटीतून दिसणाऱ्या डोंगराच्या काळ्या रेघेकडे बघत राहायची. तो तिथेच होता, शांत, आणि तिची वाट बघत असल्यासारखा.

मग गुरुवार आला.

ती ज्या वाडीत उतरली तिथे घरोघरी महालक्ष्मीचे घट मांडले होते. वाडीतली तरणी माणसं सगळी मुंबईला, त्यांच्या बायकाही मुंबईला. हळदीकुंकवाला सवाष्ण मिळायची मारामार. अशा वेळी डोंगरातून पाठीला भलंमोठं ओझं घेतलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई चालत आली. पहिल्या घरच्या बाईने हातातलं निरांजन तसंच खाली ठेवलं.

"लक्षुमीच आली गो दारात!" ती ओरडली.

वाडी धावली. योगिनीचे पाय धुतले गेले. या घरातून त्या घरात तिला हाताला धरून नेलं, आणि एका घरी दोन घास खाल्ले तर दुसऱ्या घरी न खाणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान. दुपार कलताना ती निघाली तेव्हा सॅक उचलायला दोन बायका लागल्या. तंबू नारळांच्या तळाशी कुठेतरी चेपला होता.

वाडीबाहेर देवीचं देऊळ होतं. योगिनीला युक्ती सुचली. नारळ माणसांना देता येत नाहीत, देवीला कोण नको म्हणेल? तिने एकेक नारळ काढून देवीपुढे रांगेने मांडले. देवळाचा गुरव, बाळा, खूश झाला.

"एवडे नवस फेडताव? मोठा कायतरी झालेला दिसताय."

"तसंच समजा."

बाळाने सगळे नारळ एकामागून एक फोडले, प्रत्येकाची एक वाटी देवीपुढे ठेवली आणि दुसरी वाटी योगिनीच्या पुढ्यात. "अर्धा देवीचा, अर्धा तुमचा. परसाद ठेवून जायचा नाय, बाय." योगिनीने प्रसाद सॅकमध्ये भरला. ओझं अर्धं झालं खरं, पण तासाभरात तिच्या मागे मुंग्यांची रांग लागली. काही मुंग्या मानेपर्यंत पोचल्या.

मुंग्या झटकता झटकताच तिच्या डोक्यात तो विचार आला. हे सगळं होतं ते गळ्यातल्या आणि कपाळावरच्या वस्तूंमुळे. झऱ्यापाशी ती बसली. कुंकू धुतलं. मंगळसूत्र काढून औषधाच्या डबीत ठेवलं. पाण्यात तिला आपला चेहरा दिसला, कोरा, कॉलेजातल्यासारखा. तिला आधी भीती वाटली आणि मग, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

पुढच्या वाडीत तिने पाणी मागितलं. घरच्या म्हातारीने, भागोजीच्या आईने, तिचा गळा पाहिला, कपाळ पाहिलं आणि पाट आणायला गेली नाही. योगिनी मनात हसली. म्हातारीने हळूच विचारलं, "लगीन नाय झाला अजून?"

आता काय सांगायचं? योगिनी नुसती पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिली. म्हातारीने त्याचा स्वतःला हवा तो अर्थ घेतला.

"लाजू नको गो. काय करतंस?"

"औषधांच्या दुकानात असते. रत्नागिरीला."

"शिकलेली हाय," म्हातारी आत बघून ओरडली. "भागोज्या, फोन आण! फोटो काढ पोरीचा!" मग योगिनीकडे वळून म्हणाली, "माजा भाचा नितेश मुंबैला हाय. गोदीत. सोताची खोली. त्याचाबी कुटं जमत नाय. वय झालाय, पण तुजाबी काय कमी दिसत नाय."

योगिनी तांब्या ठेवून पळाली, पण फोटो निघाला होता. निघता निघता म्हातारीने, चांगला शकुन म्हणून, तिच्या हातात नारळ ठेवलाच.

आता कोकणात फोटो निघाला की चौकशी सुरू होते. भागोजीच्या आईने फोटो लांज्याच्या बहिणीला पाठवला, बहिणीने रत्नागिरीच्या विहीणबाईंना, आणि विहीणबाईंनी तो ज्यांची औषधांच्या दुकानांत ओळख आहे अशा एका बाईंना पाठवून विचारलं, "ही मुलगी तुमच्या माहितीतली आहे का हो? घराणं कसं आहे?" त्या बाई म्हणजे यमुनाबाई.

इकडे योगिनी, आणखी एक रात्र कुणाच्या तरी पडवीत काढून, माचाळला पोचली. शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सडा सुरू होत होता. या वेळी तिने कुठे पाणी मागितलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. वाकून, लपतछपत वर चढली आणि सडा एकदम उघडला.

ती तशीच उभी राहिली. गवत वाऱ्याबरोबर एका बाजूला निजत होतं आणि परत उठत होतं. पश्चिमेला डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या आणि सगळ्यांच्या पलीकडे, जिथे समुद्र असावा तिथे, नुसता उजेड होता. तिने तंबू लावला. तंबूला खोबऱ्याचा वास येत होता. सूर्य टेकायला आला होता. तिच्या मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच तर हवं होतं.

"योगिनी!"

आधी तिला वाटलं भास झाला. मग चढावरून पदर खोचलेल्या, पायात सुजयचे बूट घातलेल्या यमुनाबाई धापा टाकत वर आल्या.

"आई! तुम्ही? इथं?"

"सुजय गाडी घेऊन खाली थांबलाय. शेवटच्या घरी." त्या मटकन बसल्या. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी फोन काढून फोटो पुढे धरला. "तुला स्थळ आलंय."

योगिनीचा हात आपोआप मोकळ्या गळ्याकडे गेला. "आई, मी सांगते तुम्हाला..."

"मुलगा गोदीत आहे. स्वतःची खोली आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मुलगी चांगली आहे. आमटीत मीठ जरा जास्त घालते. पण आमच्याकडे दिलेली आहे."

योगिनीला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. नारळ, गुरुवार, देऊळ, मुंग्या, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "मला फक्त एक रात्र एकटीला झोपायचं होतं हो. तुमच्यावर राग नाही, कुणावरच नाही. पण एक रात्र. कुणी हाक मारायची नाही, एवढंच."

यमुनाबाईंनी पायातले बूट काढले आणि पाय गवतात सोडले. त्यांचे यजमान बोटीवर असायचे. ते समुद्रावर आणि यमुनाबाई घरात, सासू, दीर, नणंदा, मुलं, पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे यांच्या मधे. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"वाटेत चार घरी थांबलो," त्या म्हणाल्या. "माझी ओटी कुणी भरली नाही. विधवेची कोण भरतो? पूर्वी वाईट वाटायचं. आज चढताना म्हटलं, बरंच झालं की. हात हलवत आल्ये वर." त्या डोंगरांच्या रांगांकडे बघत बसल्या. सूर्य बुडाला तरी बघत होत्या. मग त्यांची नजर तंबूवर गेली.

"ह्याच्यात दुसरं माणूस मावत नाही?"

"नाही. एकटीचाच आहे."

"अगदी कोपऱ्यात पण नाही?"

"नाही हो, आई. खरंच."

"बरं," म्हणत यमुनाबाई गुडघ्यांवर रांगत आत शिरल्या, आडव्या झाल्या, आणि त्यांचा इतका लांब निःश्वास योगिनीने त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"आई?"

"तू जा खाली सुजयबरोबर. त्या घरी बाया चांगल्या आहेत, जेवण वाढून ठेवलंय. सहा-सात जणी आहेत, तुझं अंथरूण मधे घालतील."

"आणि तुम्ही?"

आतून चेन ओढल्याचा आवाज झाला. ती वरपर्यंत, अगदी टोकापर्यंत, ओढली गेली. योगिनी बाहेर उभी होती. थोड्या वेळाने तंबूतून यमुनाबाईंचा आवाज आला, झोपेत बुडत चाललेला.

"आणि योगिनी, सकाळी हाका मारत येऊ नकोस हो."

योगिनीने तंबूची सैल झालेली दोरी घट्ट बांधली आणि आवाज न करता सडा उतरू लागली.