रिकाम्या भांड्याचं परराष्ट्र धोरण

लंडनमधल्या हॅरोच्या पुरुषोत्तम दातारांनी मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी परराष्ट्र खातं हाती घेतलं आणि दुपारच्या जेवणाआधीच ते त्यांच्या अंगाशी आलं. (घरातली बाकी सगळी खाती बायकोकडे, म्हणजे नीनाकडे होती.)

प्रश्न स्वयंपाकघराचा होता. नीनाला ते मागच्या बाजूला दहा फूट वाढवायचं होतं आणि त्यासाठी ती बारा वर्षं थांबली होती. कौन्सिलची पत्रं शेजाऱ्यांना गेली होती. हरकत घ्यायची शेवटची तारीख सोमवार, आणि शेजारच्या मॉरीनबाई आठवडाभर कुंपणापलीकडून नुसतं "मॉर्निंग" म्हणून घरात पळत होत्या.

"बाबा, हा तर माझा एसे आहे!" सुट्टीला आलेली वैभवी म्हणाली. ती युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल रिलेशन्स शिकत होती. "रिअ‍ॅलिझम म्हणतो, सगळे देश सेल्फिश, सो बी स्ट्राँग. लिबरलिझम म्हणतो, देवाणघेवाण ठेवा, मग कोणी भांडत नाही. आणि कन्स्ट्रक्टिव्हिझम म्हणतो, गोष्टीला स्वतःचा अर्थ नसतो. आपण देतो तोच."

तिसऱ्यात करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून दातारांनी तो तिथल्या तिथे बाद केला. देवाणघेवाण तर दिवाळीपासून चालूच होती. नीनाने फराळाचं ताट दिलं, ते केक घेऊन परत आलं. मग नारळाच्या वड्या गेल्या, अ‍ॅपल पाय आला, शंकरपाळे गेले, सफरचंदाचं गोड क्रंबल आलं. चार महिन्यांत एकही भांडं रिकामं गेलं नव्हतं. एवढं चारूनही बाई "मॉर्निंग"वरच! म्हणजे लिबरलिझम नापास. दातारांनी क्रंबलची डिश घासली, पुसली आणि छाती पुढे काढून तशीच देऊन आले.

"डिश दिलीत? काय घालून?" नीनाने विचारलं.

"काही नाही. रिकामी. जरा स्ट्राँग राहायला हवं."

नीना मटकन खुर्चीत बसली. "अहो, रिकामं भांडं? निदान चिमूटभर साखर तरी घालायची! गेलं माझं किचन." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दातारांना मनापासून स्वतःची लाज वाटली.

दहाव्या मिनिटाला ते बेसनाच्या लाडवांचा भरलेला डबा घेऊन मॉरीनबाईंच्या दारात उभे होते. दार उघडलं तसा त्यांनी डबा पाठीमागे धरला. (आधी माफी, मग लाडू, असा नीनाचा हुकूम होता.)

"ओह, मिस्टर दातार, थँक यू!" बाईंनी त्यांचा हातच धरला. "रिकामी डिश! मला वाटायचं, तुम्ही भरून पाठवताय म्हणजे तुम्हाला आणखी हवंय. नोव्हेंबरपासून मी बेक करतेय. त्यात ते कौन्सिलचं पत्र! एवढ्याशा किचनमधून एवढं येतं, तर मोठ्यातून किती येईल? हरकत लिहूनसुद्धा ठेवली होती. आत्ताच फाडली."

दातारांना आनंदाने नाचावंसं वाटलं, पण हातात डबा होता.

"मागे काय आहे?" बाईंचा चेहरा उतरला. "आमच्यासाठी तर नाही ना?"

"छे, छे! हे... हे माझं लंच."

बाई संशयाने बघत राहिल्या. मग दातारांनी तिथेच झाकण उघडून एक लाडू खाल्ला. बाई हलेनात. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. चौथ्याला जोराचा ठसका लागला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

"पुअर नीना," पाण्याचा ग्लास पुढे करत त्या कळवळून म्हणाल्या, "म्हणून तिला मोठं किचन लागतंय!"