शेवटचं पान आणि बापूरावांची मिशी

कारंजा घाडग्याचे बापूराव स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. बोलत ते एवढंच, की नागपूर ते अमरावतीच्या दरम्यान त्यांच्या तोडीचा गुप्तहेर नाही, आणि अमरावतीच्या पुढे त्यांनी अजून चौकशी केलेली नाही. आपल्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही, असं ते चष्मा शोधता शोधता सांगत. तो चष्मा बहुधा त्यांची मुलगी सुलोचना शोधून देई. शाळेतली मास्तरकी सांभाळून ती वडिलांची सहायकही होती. त्या पदासाठी तिनं अर्ज केलेला नव्हता.

१९७८ साली त्यांच्यापुढे आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रकरण आलं, तेही त्यांच्याच ओसरीवर.

'झुंबर' साप्ताहिकात 'काजळरेषा' ही चित्रकथा वर्षभर चालू होती. तिची नायिका मंदाकिनी अविनाश डॉक्टरला माळ घालणार की दिलीप ट्रक ड्रायव्हरला, यावरून गल्लीची फाळणी झाली होती. चित्रकारानं दोघांना एकच नाक, एकच भांग आणि एकच जबडा वाटून दिला होता. फरक एवढाच, की ड्रायव्हरला मिशी होती. डॉक्टर पक्षाचे पुढारी बापूराव, ड्रायव्हर पक्षाच्या शेजारच्या देवकाबाई. सुलोचना मनातून ड्रायव्हरचीच होती, पण सहायकाला मत नसतं.

"माळ ड्रायव्हरच्या गळ्यात पडली, तर ही मिशी उतरवीन!" असं बापूराव भर गल्लीत बोलून बसले होते. त्यांची ती पांढरीशुभ्र मिशी सुलोचनेच्या आईला फार आवडायची. आई गेल्यापासून बापूराव मिशीला रोज खोबरेल लावत.

शेवटचा अंक आला त्या रविवारी सकाळी रामाजी न्हावी ओसरीवर बापूरावांची दाढी करत होते. अर्धी दाढी झाली, गल्ली जमली, सुलोचनेनं मोठ्यानं वाचायला घेतलं. मंदाकिनीनं माळ उचलली. सुलोचनेनं पान उलटलं. पुढचं पानच नव्हतं.

"थांबवा वस्तरा!" बापूराव उठले. एका गालावर फेस, खांद्यावर फेस पुसायचा कागद चिकटलेला, डोळ्यांत शोधक तेज. "हा घातपात आहे. रामाजी, दार लावा."

"ओसरीले दार नाई, भाऊ."

"मग असल्यासारखे उभे राहा." ते वळले. "देवकाबाई, हरायच्या भीतीनं पान तुम्ही पळवलंत!"

"मी काऊन भिऊ? पहाटपासून तुमच्या मिशीवर डोळा हाये माहा!"

दुसरा संशय ढाबेवाल्या रूपरावांवर गेला.

"भजी कशात बांधता?"

"कागदात."

"कबूल झाला!"

"आज ढाबाच नाई उघडला, बापूराव. उठून सीधा इथं आलो."

तिसरा संशय देवकाबाईंच्या बकरीवर. बापूरावांनी तिचं तोंड हुंगलं. बकरीनं त्यांच्या गालावरचा फेस चाटला.

"लाच देऊन राह्यली," ते गंभीरपणे म्हणाले.

सुलोचना वडिलांकडे बघत होती. त्यांच्या खांद्यावरून, फेसाआडून, काजळ घातलेला एक डोळा तिच्याकडे रोखून बघत होता.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली. "मंदाकिनी तुमच्या खांद्यावर आहे."

रामाजी चपापले. "मी इचारलं होतं भाऊ, कोणता कागद घेऊ? तुम्ही डोये मिटून म्हटलं, समोरचा घ्या. समोर हाच अंक होता."

कागद सोडवून ओट्यावर पसरला. अक्षरं वाहून गेली होती. माळ होती. नवऱ्याचं नाक, भांग, जबडा जागेवर होते. आणि नाकाखाली मिशी!

"ड्रायव्हर!" देवकाबाई ओरडल्या. "रामाजी, उचला वस्तरा!"

बापूरावांचा हात मिशीवर गेला. आईच्या तेराव्याला दिसले होते, तसे ते एकदम लहान दिसले.

"थांबा," सुलोचना म्हणाली. "हे तर बाबांच्या दाढीचे केस चिकटलेत. दाढीत अजून काळे आहेत त्यांच्या, बघा." तिनं पदराच्या टोकानं नवऱ्याचा ओठ पुसला. मग पुन्हा एकदा, जरा जोर देऊन. ओठ स्वच्छ झाला.

"डॉक्टरच निघाला," रूपराव हळहळले.

"मी म्हणत नव्हतो?" बापूराव ऐटीत पाटावर बसले. "पुरावा पहिल्यापासून माझ्याच ताब्यात होता!"

देवकाबाई बकरीला ओढत घरी गेल्या. सुलोचना चहा ठेवायला आत वळली. पदराच्या टोकाला काळ्या शाईचा चांगला ठसठशीत डाग पडला होता. तिनं ते टोक कमरेला घट्ट खोचलं.

बाहेरून बापूरावांचा आवाज आला, "मिशीले हात नोका लावू, रामाजी."