निळ्या डागांचा मान

विमलाबाईंनी रीताच्या दंडावरचा निळा डाग पाहिला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण घ्यायला तिने हात पुढे केला तेव्हा. डाग आमसुलाएवढा होता आणि कडेने हिरवट पडला होता. विमलाबाईंची नजर खाली गेली. पायाच्या घोट्यावर आणखी दोन.

“हे काय झालं वं रीता?”

“काही नाई काकू. न्हाणीत पाय घसरला.”

न्हाणीत पाय घसरला, या वाक्यावर सावरझरी गावात आजवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. विमलाबाईंनीही ठेवला नाही. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं, रीताला तिळाचे दोन लाडू जास्त दिले आणि ती फाटकाबाहेर पडताच उरलेल्या अकरा बायकांना सांगितलं, “मुकेश मारते तिले.”

खरं कारण रीताच्या घरात वरच्या मजल्यावर उभं होतं. खाली मुकेशचं हार्डवेअरचं दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत गेलेला एक चकचकीत स्टीलचा खांब. मुलगा वर्ध्याला होस्टेलवर गेल्यापासून ती खोली रिकामी पडली होती. गेल्या उन्हाळ्यात रीता नागपूरला बहिणीकडे गेली, तेव्हा भाची आकांक्षा तिला आपल्या पोल डान्सच्या क्लासला घेऊन गेली. तिथे एका गुडघ्याच्या जोरावर खांबाला उलटी लटकलेली, दोन्ही हात सोडून हसणारी आकांक्षा पाहून अडतीस वर्षांच्या रीताला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी मनापासून हेवा वाटला. शेजारणींच्या पैठण्या पाहून तिला कधी काही वाटलं नव्हतं.

मुकेशने खांब आणून बसवून दिला. तो तसा वाईट माणूस नव्हता. तो तसा कसलाच माणूस नव्हता. त्याची अट एकच होती. “लोकायले समजलं नाई पाहिजे.” खिडकीच्या काचांवर त्याने स्वतः वर्तमानपत्रं चिकटवली.

दुपारी जेवणं आटोपली की रीता दार लावून घ्यायची आणि आकांक्षा फोनवरून शिकवायची. “मावशी, अंगाले तेल नको, क्रीम नको. पाय झाकायचे नाईत. पोल कातडीनंच पकडल्या जाते, कपडा घसरते.” म्हणून रीताने हाफ पँट आणली. खांदे कानांपासून खाली ओढून धरायचे, मनगटावर लोंबकळायचं नाही, चढताना एका पायाची नडगी पुढून आणि दुसऱ्याची पोटरी मागून खांबाला आवळायची, उजवीकडून जमलं की तेच डावीकडून करायचं. पहिले दोन महिने ती नुसती घसरत होती. चौथ्या महिन्यात ती खांबावर हात सोडून बसली आणि त्या दिवशी तिने एकटीनेच शिरा करून खाल्ला. प्रत्येक नवी गोष्ट शिकताना अंगावर नवीन डाग उठत. मुकेशला खाली मान घालावी लागू नये म्हणून ती भर उकाड्यातही लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची. संक्रांतीला नेमकी बाही वर सरकली.

दुसऱ्या दिवशी मुकेश नेहमीप्रमाणे पानठेल्यावर गेला. दुकान टाकल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिथे त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिथली मंडळी त्याला मुक्या म्हणत, आणि तो काही बोलू लागला की आपसांत दुसरंच काही बोलू लागत.

“या मुकेशभाऊ, बसा,” अण्णाजी म्हणाले.

मुकेशने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

अण्णाजी गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. त्यांचा स्वतःचा सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात नऊ वर्षं खटला चालू होता, पण गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे.

“आमाले वाटे तुमी गरीब गाय आहा,” अण्णाजी चहाचा कप पुढे करत म्हणाले. “तुमी तर घरात चांगला धाक ठेवून आहा. विमलाबाई सांगत होती, बायकोचे दंड निळे करून टाकले म्हणे. माणसानं असंच राहावं.”

मुकेशने कप हातात घेतला. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण सांगणार काय? माझी बायको हाफ पँट घालून खांबाला उलटी लटकते? त्याने तोंड मिटलं आणि चहा पिऊन टाकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पाजलेला चहा होता तो.

त्यानंतर मुकेशचा आवाज वाढला. रस्त्याने चालताना तो मधोमध चालू लागला. गिऱ्हाइकं खिळ्यांचे भाव पाडून मागेनाशी झाली. ज्या गावाने त्याच्या सरळपणाची कधी दखल घेतली नव्हती, त्या गावाने त्याने न केलेल्या मारहाणीसाठी त्याला डोक्यावर घेतलं. अण्णाजींना गुडघ्यांमुळे अध्यक्षपद सोडायचं होतं. त्यांनी तीन-चार लोकांत जाहीर करून टाकलं, “मुकेशभाऊच करू. तंटे मिटवाले दरारा पाहिजे.”

विमलाबाईही स्वस्थ नव्हत्या. दर दोन दिवसांनी त्या वाटीभर कढी घेऊन रीताकडे येत, कढी ओट्यावर ठेवत आणि तिच्या अंगावर नवीन काही दिसतं का ते पाहत. मुकेशला जाब विचारावा, रीताला कुठे घेऊन जावं, असलं काही त्यांच्या मनात आलं नाही. तीन आठवडे झाले तरी प्रकरण पुढे सरकेना, तेव्हा कंटाळून त्यांनी रोहण्याला राहणाऱ्या रीताच्या धाकट्या भावाला फोन केला. “धीरज, येजो बाप्पा लवकर. पोरगी मरून जाईन तुमची.”

धीरज त्याच दुपारी जीप घेऊन आला. विमलाबाई त्याला कोपऱ्यावरच भेटल्या. दोघं दुकानात शिरली तेव्हा मुकेश आणि अण्णाजी अध्यक्षपदाचा अर्ज लिहीत बसले होते. धीरजने मुकेशची कॉलर धरली आणि त्याच क्षणी वरून रीताची किंकाळी आली.

“आई गंऽऽ! मेली मी!”

मुकेश इथे आपल्या मुठीत आहे, मग वर कोण मारतंय, हा विचार धीरजला सुचला नाही. तो कॉलर सोडून जिन्याकडे धावला. मागून विमलाबाई, त्यांच्यामागे गुडघे विसरलेले अण्णाजी आणि सगळ्यांत शेवटी, नको नको म्हणत, मुकेश. धीरजने खांद्याने दार उघडलं. कडी तुटून पडली.

रीता छताजवळ उलटी लटकत होती. एका गुडघ्याच्या लवणीत खांब आवळलेला, दुसरा पाय ताणलेला, दोन्ही हात मोकळे. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला ते जमलं होतं, आणि गुडघ्यामागची कातडी आगीसारखी जळत होती. खाली गादीवर ठेवलेल्या फोनमधून आकांक्षा ओरडत होती, “मावशी, थांब तशीच! मस्त जमलं!”

“ताई!” धीरज म्हणाला. “कोनं टांगलं तुले असं?”

“मीच टांगलं मले. तू काऊन आला?”

“तुले भाऊजी मारतेत म्हणून.”

“हे?” रीता इतक्या जोरात हसली की तिचा गुडघा सरकला. आकांक्षा फोनमधून किंचाळली, “आधी दोन्ही हात पोलवर! मग पाय!” रीताने हात खांबावर घेतले. “अरे, घरात पाल निघाली तं हे पलंगावर चढते. हे काय मारतीन?”

अण्णाजींनी मुकेशकडे पाहिलं.

“म्हणजे तू मारतच नाई?”

“नाई जी,” मुकेश म्हणाला, गुन्हा कबूल करावा तसा.

अण्णाजींनी हातातला अर्ज चार घड्या करून खिशात घातला. “मुक्या, तुयाच्यानं काहीच होत नाई.”

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. “मार खाल्ला असता तं सारं गाव तुया मागं उभं राह्यलं असतं वं,” त्या दुखावल्या स्वरात म्हणाल्या. “हे काय आता? मांड्या दिसून राह्यल्या.”

रीता खाली उतरली, गादीवर बसली आणि तिने फोन बंद केला. आता ती हसत नव्हती.

“तुमाले माईत होतं?” तिने मुकेशला विचारलं. “गाव काय म्हणते ते?”

“हो.”

“किती दिवसांपासून?”

“बावीस दिवस झाले.”

“अन् तुमी?”

“चहा पाजत होते,” मुकेश खाली पाहत म्हणाला. “बसा म्हणत होते.”

तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मी बाह्या खाली ओढत राहिले आणि तुम्ही त्याच डागांवर चहा पीत बसलात, हे तिला म्हणायचं होतं. पण समोर विमलाबाई होत्या, आणि त्यांना गावभर सांगायला आणखी काही द्यायची तिची इच्छा नव्हती. धीरज बाह्या सरसावून पुढे झाला.

“नको,” रीता म्हणाली. “तू ह्या दोघायले खाली सोडून ये.” मग मुकेशकडे वळून म्हणाली, “तुमची हाफ पँट कपाटात आहे. घालून या. बावीस दिवस तुमी चढान, मी पाहीन.”

गावाने चार दिवस रीताला नावं ठेवली. पाचव्या दिवशी मुकेश पानठेल्यावर आला तेव्हा त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. घसरताना खांब कपाळाला लागला होता. दोन्ही दंड आतून निळे, नडग्या हिरव्या. मंडळींनी डाग पाहिले, मग एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रीताचे कमावलेले दंड उभे राहिले. विमलाबाईंनी त्यांचं सविस्तर वर्णन केलेलं होतंच.

त्या संध्याकाळपासून तिला कुणी नावं ठेवली नाहीत. बायका तिला रीताबाई म्हणू लागल्या. ती किराण्याच्या दुकानात गेली की आधीचं गिऱ्हाईक बाजूला होई. ती समोरून येताना दिसली की अण्णाजी रस्ता बदलत.

बावीस दिवस संपले. तेविसाव्या दुपारी मुकेश न सांगता वर आला, स्पिरिटने खांब पुसला आणि मुकाट चढू लागला. अर्ध्यावर जाऊन थांबला.

“रीता, एक काम कर नं. लोकायले खरं सांगून दे. बायकोचा मार खाते म्हणून सारं गाव हासून राह्यलं.”

“सांगते ना,” रीता म्हणाली. “काय सांगू? माहा नवरा हाफ पँट घालून पोल डान्स शिकते?”

मुकेशने खांबावरूनच खिडकीवरची वर्तमानपत्रं कुठे सुटली नाहीत ना ते पाहिलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “मारते म्हणूनच सांग.”