धाकटीला जोड हवी

परदेशात महायुद्ध पेटलं आणि आमच्या देशाने तातडीने तटस्थता कक्ष उघडला. दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे. डावीकडेच का, अशी पहिल्याच दिवशी हरकत आली, म्हणून उजवीकडच्या खोलीलाही तीच पाटी लावली. मी तिथला वरिष्ठ लिपिक. सोमवारी या खोलीत बसतो, मंगळवारी त्या.

लढणाऱ्या देशांची नावं घ्यायला आम्हाला मनाई आहे, कारण कोणाचं तरी आधी घ्यावं लागतं. म्हणून खोकलं की एक देश समजायचा आणि शिंकलं की दुसरा. दुपारपर्यंत कक्षात नुसतं साथ आल्यासारखं वाटतं, पण काम बिनबोभाट चालतं.

खोकल्याच्या देशात इस्पितळावर बॉम्ब पडला, तेव्हा मी चाळीस शब्दांचा शोकसंदेश लिहिला. पण शिंकेच्या देशातली इस्पितळं त्या आठवड्यात धडधाकट होती. त्यांना विनम्र पत्र गेलं, 'आपलेही एखादे इस्पितळ पडल्यास त्वरित कळवावे.' उत्तर यायचं आहे, तोवर शोक कपाटात ठेवला आहे.

मग माझी धाकटी बहीण आली. तिला शिंकेच्या देशात दिली होती. घर पडलं, नवऱ्याचा पत्ता नाही, तेव्हा एक ट्रंक आणि आठवा महिना घेऊन ती सीमेवरच्या चौकीत येऊन बसली. तिथून फोन केला.

"दादा, आले रे! तुझ्या सहीचा कागद हवाय म्हणतात."

माझा जीव भांड्यात पडला, आणि मग नियम आठवला. शिंकेकडचं एक माणूस आत घ्यायचं, तर खोकल्याकडचं तोडीस तोड हवं.

"तिकडची एक बाई यायला हवी," मी म्हणालो. "एकतीस वर्षांची, आठव्या महिन्यातली."

"आणि तोवर?"

"तोवर बाक आहे ना तिथे."

"अरे, मी बहीण आहे तुझी!"

"हळू बोल. उद्या मला खोकल्याकडचीही एक बहीण दाखवायला सांगतील."

मी जाहिरात दिली. सोळा दिवसांनी खरोखरच खोकल्याकडची एक बाई चौकीत आली. तिचंही घर पडलेलं, वय एकतीस, दिवस भरत आलेले. मी आनंदाने फाईल घेऊन साहेबांकडे धावलो. तेवढ्यात धाकटी बाकावरच बाळंत झाल्याचा निरोप आला. त्या दुसरीनेच सगळं केलं होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. "इकडे बाई आणि बाळ, तिकडे नुसती बाई. घोळ घातलात."

"साहेब, तिचंही होईलच दोन-चार दिवसांत."

"तुमच्या बहिणीला काय झालं?"

"मुलगी."

"मग तिलाही मुलगीच हवी. तसं कळवा तिला."

मी कळवलं. तिला मुलगा झाला.

काल पुन्हा धाकटीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "दादा, पोरीला ताप आहे. या दुसरीला दूध येत नाही, तर दोन्ही बाळांना मीच पाजतेय. वारा कसला सुटलाय इथे! कर ना रे सही."

मला रडू आलं. मी पेनाचं टोपण काढलं. साहेब शांतपणे म्हणाले, "करा की. पण धोरण माझंही नाही, तुमचंही नाही. ज्यांचं आहे, त्यांना आधी विचारा."

त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. कक्ष उघडण्याआधी आमची माणसं घरोघरी गेली होती. युद्धातून पळालेलं कोणी दारात आलं तर काय करावं, एवढंच विचारलं होतं. लोकांनी दाराची साखळीही न काढता कागदावर लिहिलं होतं, 'आपल्याला काय करायचंय?' आणि फटीतूनच सही करून कागद परत दिला होता. आम्ही तेच वाक्य टंकून, शिक्का मारून नियम केला.

तेव्हापासून मी एकेक कागद पाहतोय. 'घ्या त्यांना आत' असं एकाने जरी लिहिलेलं सापडलं, तर त्याच्या जोरावर सही करणार आहे. चौकीचा फोन वाजतोय. निम्मा गठ्ठा संपला.

आत्ता तुमचा कागद हातात आलाय. अक्षर छान आहे तुमचं.