देवरावकाकांची फेसाची कॉफी

रेडिओवर कापसाच्या भावाची बातमी लागायची वेळ झाली, की आमचे शेजारी देवरावकाका नेमके रेडिओतले सेल काढून घेत. त्या वर्षांत आमच्या बोरी अरब गावात भाव सोडून दुसरा विषयच नव्हता. घरोघर माणसं कान टवकारून बसलेली असत. काका मात्र ते पेन्सिल सेल दूध फेसाळायच्या एका चिमुकल्या यंत्रात घालत आणि ओट्यावरून हाक मारत, "गुरुजी, या! फेस काढून राह्यलो!"

"अन् भाव?" मी विचारी.

"ऐकल्यानं वाढते का तो?"

मी शाळेतला मास्तर, पण वाद न घालता कॉफी प्यायला जाई.

यंत्र म्हणजे एक दांडी आणि तिच्या टोकाला तारेचं कडं. बटण दाबलं की ते गरगर फिरे. काका त्याला 'फिरकी' म्हणत. ती पाठवली होती प्रशांतनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं. तो पुण्याला नोकरीला. आदल्या होळीला चार दिवस राहतो म्हणून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाला. भाव वाढेल या आशेनं त्याच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस कोंबलेला. बिचारा समोरच्या खोलीत झोपला आणि रात्रभर शिंकत राहिला. सकाळी कॉफी नाही म्हणून डोकं धरलं. "बाबा, इथं धड कॉफीही मिळत नाही," असं म्हणून त्यानं एस.टी. गाठली. पुढे फिरकी आणि कॉफीची बाटली पाठवून फोनवर हसत म्हणाला, "हे शिकून ठेवा, येत्या होळीला आठ दिवस राहतो."

पोरगं गमतीनं बोललं असेल. काकांनी तो शब्द धरून ठेवला.

पहिल्या दिवशीचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. घरच्या म्हशीचं दूध, वर बोटभर जाड साय. काकांनी सायीसकट थंडगार दुधात फिरकी घातली आणि फेस येईना म्हणून फिरवतच राहिले. थोड्या वेळानं पिवळे कण तरंगायला लागले. लोणी! शांताकाकूंनी ते हातानं गोळा करून भाकरीवर घातलं आणि म्हणाल्या, "आमच्या रवीले सेल नाई लागत हो."

दुसरा कुणी असता तर फिरकी माळ्यावर गेली असती. काकांनी साय काढून पाहिली, दूध कमी-जास्त तापवून पाहिलं, भांडं तिरपं धरून पाहिलं. "फेसाले घाई चालत नाई, गुरुजी," हे त्यांचं पालुपद झालं. फेस जमला की नाही, याची परीक्षाही त्यांनीच काढली. वर साखरेची चिमूट टाकायची. साखर वरच थांबली तर पास, बुडाली तर कॉफी म्हशीच्या आंबोणात.

चाखायला सगळं गाव होतं. पोस्टमन, लाइनमन, भाव ऐकून तोंड पाडून येणारे शेजारी, सगळ्यांना काका ओट्यावर बसवत. दोन घोटांत जो-तो पांढऱ्या मिशा लावून एकमेकांकडे पाहून हसायचा. तशा दिवसांत माणसांना हसवणं ही साधी गोष्ट नव्हती. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटे.

होळी जवळ आली आणि एक दिवस काकांच्या दारात व्यापाऱ्याची गाडी उभी राहिली. काकांनी सगळा कापूस विकून टाकला. भाव चढणार म्हणून गावात कुणी बोंडसुद्धा हलवत नव्हतं, आणि हा माणूस पडत्या भावात खोली रिकामी करून बसला! पोस्टमन तर ओरडलाच, "काकाजी, येडे झाले का? कायले इकता आत्ताच?"

"खोली पायजे मले," काका म्हणाले आणि चुन्याची बादली घेऊन आत गेले.

पुढल्याच आठवड्यात भाव खरंच थोडा चढला. ज्यांनी ते ऐकवलं त्यांनाही काकांनी कॉफी पाजली.

प्रशांत आला आणि आठ दिवस राहिला. स्वच्छ खोलीत झोपला, सकाळ-संध्याकाळ फेसाची कॉफी प्यायला. काका समोर बसून त्याच्या कपाकडे पाहत राहायचे. निघायच्या दिवशी काका पाय दुखतात म्हणून ओट्यावरच थांबले. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागेपर्यंत तो छातीवर हात चोळत होता.

"काय झालं रे?"

"ॲसिडिटी, गुरुजी. डॉक्टरांनी मागेच कॉफी बंद केली आहे. पण आल्या आल्या बाबांनी कप पुढे केला, अन् त्यांचं तोंड पाहून नाही म्हणवलंच नाही." मग माझा हात धरून म्हणाला, "त्यांना सांगू नका."

मी नुसती मान हलवली.

परत आलो तर काका ओट्यावर फिरकी पुसत बसलेले. "बसला का गाडीत?"

"बसला. खिडकीची जागा मिळाली."

त्यांनी पुसलेली फिरकी फडक्यात गुंडाळली. मग हळूच विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. पुन्यात यापेक्षा चांगली कॉफी भेटत असन का हो?"

"छे! कुठली भेटते?"

"मंग पोरगं येईन पुन्हा," काका म्हणाले.