सतराचा पाढा आणि तेवीस शाली

मुलांना अभ्यासाला कसं बसवावं, हे या जगात फक्त मला कळतं! बाकी सगळे नुसतेच आईबाप असतात.

हे वाक्य मी आमच्या सुनेसमोर बोललो, तिथंच घोळ झाला. मंगल मच्छे गावातल्या एका कारखान्यात हजेरीचं काम बघते. तिच्यापुढं कामगार थापा मारत नाहीत, तिथं सासऱ्याचं काय!

"बरं मामा," ती म्हणाली. "साईराज पाचवीत गेला, अजून सतराचा पाढा येत नाही. शनिवारी मी स्वतः परीक्षा घेते. न अडखळता म्हटला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून दोघा पोरांना ट्यूशन. रोज पाच ते सात."

पाच ते सात! अहो, तीच तर माझी वेळ! साईराज, त्याची धाकटी बहीण तेजस्वी आणि मी त्या वेळेला तळ्याच्या बांधावर बसून थापा मारतो. उरलेले बावीस तास मी कसेबसे काढतो ते या दोन तासांच्या भरवशावर.

पण मी घाबरलो नाही. माझ्याजवळ तेवीस शाली होत्या.

त्याचं असं, की तालुका कचेरीत नोकरी करता करता मी वर्तमानपत्रातून लोकांची टवाळी लिहायचो. लोक चिडायचे, आणि मग कुणीतरी शहाणा माझा सत्कार करायचा. शाल पडली की मी वर्षभर त्या माणसाबद्दल चकार शब्द काढत नसे. खानापूरपासून निपाणीपर्यंत असे तेवीस शहाणे निघाले! हे सगळं मी नातवंडांना अभिमानानं सांगितलेलं होतं. "बाळांनो, सत्कार झाला की माणूस काम बंद करतो." तेव्हा मला वाटलं, मी विनोद करतोय.

तर योजना सोपी होती. पाढ्याची प्रत्येक ओळ पाठ झाली की साईराजचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार! कौतुकानं पोरगं कसं भाताच्या रोपागत वर येतं, बघाच!

सोमवारी 'सतरा एके सतरा' झालं. मी त्याला खुर्चीवर बसवला, कुंकू लावलं, शाल घातली, नारळ दिला. वर पाच मिनिटं भाषण. टाळ्या वाजवायचं खातं तेजस्वीकडं. तिला पहिलीत कुणी पाढा विचारत नव्हतं, म्हणून ती रिकामीच होती.

मंगळवारी साईराजनं भाव वाढवला.

"आज्जा, 'सतरा त्रिक एकावन्न' लई अवघड हाय. दोन शाली लागतील."

"दोन कशाला रं?"

"एक पाठ करायला, एक ध्यानात ठेवायला."

मी दिल्या. बुधवारी उजळणीची वेगळी, गुरुवारी आवाज मोठा काढल्याची वेगळी! कालचीच शाल आज घडी बदलून घालून बघितली, तर पोरगं म्हणालं, "आज्जा, ही जुनी हाय. ह्यो बगा च्याचा डाग."

सत्कारमूर्तीची नजर घारीसारखी असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आमची राजाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. शेवटी बोललीच. "चाळीस वर्सं भाकरी थापत्ये. एक तरी शाल घातलासा?"

"अगं, तू घरचीच की!"

"आनि ह्यो काय निपाणीस्नं आलाय?"

एवढं बोलून तिनं घातलेल्या शाली एकेक करून उचलायला सुरुवात केली. कपाटात ठेवत असेल, असं मी समजलो. टापटिपीची बाई आहे.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत 'सतरा दाहे एकशे सत्तर' झालं आणि तेविसावी शाल संपली. मी बांधावर बसून शीळ घातली!

शनिवार उजाडला. मंगल दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि खुर्ची ओढून बसली. "म्हण."

साईराज हलला नाही. त्यानं मान पुढं केली आणि डोळे मिटले.

"म्हण की रं!"

"शाल कुटाय?"

"आधी पाढा!" मी ओरडलो.

"शाल न्हाय तर पाढा न्हाय."

मी कपाटाकडं धावलो. कपाट रिकामं! "राजाबाई, माझ्या शाली?"

तिनं शांतपणे कॉटवर बोट दाखवलं. तिथं एक भलीमोठी वाकळ पसरली होती. माझे तेवीस सत्कार एकमेकांना टाके घालून शिवलेले! निपाणीचा सत्कार खानापूरच्या सत्काराला उलटा जोडला होता.

मी तीच वाकळ उचलली आणि साईराजच्या खांद्यावर टाकली. तो तिच्याखाली दिसेनासा झाला. आतून आवाज आला, "वाकळ घालून सत्कार? मी काय तापानं पडलोय व्हय?"

मंगलनं घड्याळ बघितलं. मी पायात चप्पल न घालता शेजारच्या मारुतीरावांकडं पळालो. त्यांना सोसायटीनं गेल्याच वर्षी शाल दिली होती.

"देतो की अण्णा," मारुतीराव म्हणाले. "पण शाल घालणार मी. प्रमुख पाहुणा म्हणून."

"घाला!"

"आणि दोन शब्द बोलणार."

दोन शब्दांना पाऊण तास लागला! गल्लीतल्या गटारीसाठी त्यांनी किती अर्ज केले, कोणत्या साहेबानं कसा अपमान केला, सगळं आलं. पाढा तेवढा आला नाही. मंगल हातातल्या फोनशी चाळा करत होती. शेवटी साईराजच्या अंगावर शाल पडली. तो उठला, हात जोडले आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "ही शाल माझी एकट्याची नसून तुम्हा सर्वांची आहे." आणि खाली बसला.

"आता पाढा," मंगल म्हणाली.

"आता कशाला?" साईराजनं निरागसपणे विचारलं. "सत्कार झाला की माणूस काम बंद करतो. आज्जाच सांगत हुता."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाकळीवरचे टाके मोजू लागलो.

मंगलनं ट्यूशनवालीचा नंबर लावला. रिंग जात होती. माझे पाच ते सात चालले होते!

एवढ्यात कोपऱ्यातून टाळ्यांचा आवाज आला. कंटाळलेली तेजस्वी भिंतीकडं तोंड करून स्वतःशीच टाळ्या वाजवत होती, आणि तालावर म्हणत होती, "सतरा साती एकशे एकोणीस, सतरा आठे एकशे छत्तीस, सतरा नवे एकशे त्रेपन्न, सतरा दाहे एकशे सत्तर!" आणि परत पहिल्यापासून, एकदाही न अडखळता!

मंगलनं फोन बंद केला. "तुला गं कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. नुसत्या टाळ्या वाजवून हात दुखत्यात. मग म्हणत्ये."

माझा ऊर भरून आला. मी दोन्ही हात पसरले, "वा गं माझी—"

पुढचा शब्द बाहेर पडला नाही. राजाबाईनं माझ्या तोंडात खोबऱ्याचा एवढा मोठा तुकडा कोंबला होता.

"गप बसा! कौतुक केलासा तर ही बी ढिम्म बसंल!"

मंगलनं निकाल दिला. ट्यूशन महिनाभर पुढं ढकलली. पाच ते सात पोरं माझ्याकडंच, पण माझ्या तोंडून कौतुकाचा एक शब्द जरी निघाला तरी दुसऱ्या दिवशी ट्यूशन सुरू!

महिना झाला. मी बांधावर दगडासारखा बसतो. बहिणीनं मागं टाकल्याचा साईराजला एवढा राग आला, की तो एकोणीसच्या पाढ्यापर्यंत जाऊन पोचलाय. मी फक्त खोकतो.

काल मंगल आली आणि कधी नव्हे ते हसून म्हणाली, "मामा, महिनाभर तुम्ही एक शब्द काढला नाही. कमाल केलीत हं!"

आणि काय सांगू, डोळे मिटून मी मान पुढं केली.