शिबिराच्या बॅगेची कैफियत

थोरली राज्ये तोफांनी हलली आणि लहान घरे सुटीने हलली, ऐसे जाणते सांगतात. त्यापैकी एका घरास उन्हाळी सुटीने वेढा दिला आणि तो उठविण्यास जी मोहीम मांडणे प्राप्त जाहले, तिची हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते घातले.

मजकूर घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतकरून बंद. घरचे धनी बाबाराव, हे सामान हलविणाऱ्या कंपनीत पॅकर होते, आणि काच, चिनी माती, आरसे, झुंबरे यांचे बांधणीत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांनी बांधलेला पेला जिन्यावरून गडगडत जावा आणि तळाशी अखंड निघावा, ऐसा लौकिक. आईसाहेब चष्म्याच्या दुकानी डोळे तपासीत, आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळ्यांपुढे भिंगे बदलून "हे बरं की ते बरं?" ऐसे पुसता पुसता तोच दस्तूर घरीही लागू जाहला होता, आणि भाजी असो, पडदे असोत, दोन जिन्नस पुढे मांडून निवाडा होई. उभयतांची एकुलती कन्या भिंगरीबाईसाहेब, उमर वर्षे नऊ, अंगाने सडपातळ, जिभेने दणकट.

सुटी लागताच बाईसाहेबांनी सोफ्याच्या उशांचा कोट रचून दिवाणखाना काबीज केला, आणि पलंगावरून कोटात उड्या घेऊ लागल्या, आणि खालचे मजल्यावरील आजोबा झाडूच्या दांड्याने छत ठोकून निषेध नोंदवू लागले, मग आईसाहेबांनी मसलत बोलाविली जे, कन्येस शिबिरास नामजाद करावे, नाहीतर छत तरी जाईल नाहीतर आजोबा तरी.

मसलतीस बाबारावांच्या वडील भगिनी, आत्यासाहेब, न बोलाविता हजर जाहल्या. त्यांचा कौल हस्ताक्षर-सुधार शिबिरास होता. आईसाहेबांनी शिबिरांची जाहिरातपत्रके जमविली होती, ती दोन दोन करून कन्येच्या नजरेसमोर धरली, आणि पुसले, हे बरं की ते बरं. मग यंत्रमानव पडले, नाट्य पडले, हस्ताक्षर तर पहिल्याच झटक्यास गारद जाहले, आणि तळ्याकाठचे रानशिबिर, जेथे तंबूत निजावयाचे, तेच उभे राहिले.

आत्यासाहेब कडाडल्या, "अगं, ही घरी चादरीची घडी घालत नाही, आणि तंबूत राहणार?"

"पुन्हा तपासू, वन्सं," ऐसे म्हणून आईसाहेबांनी पत्रके उलटसुलट करून फिरून दाखविली. कन्येने फिरून तळेच दाखविले. तिसऱ्यांदा कन्येचे डोळे मिटवून पत्रकांची जागा बदलली, तरी बोट तळ्यावरच गेले. तेव्हा नंबर कायम जाहला, आणि आत्यासाहेबांनी हस्ताक्षराचे पत्रक पर्समध्ये माघारी घेतले.

परंतु शिबिराच्या मुख्य, ज्यांस मुले शिबिरताई म्हणत, त्यांनी पालकांचे सभेत फर्मान सोडिले जे, हरएक मुलाने आपली बॅग आपण वाहावी, आपण उघडावी, आपण भरावी. निघतेवेळी मैदानावर सर्वांदेखत परीक्षा होईल, आईबापांनी हात लावू नये, आणि ज्यास न जमेल त्याने पुढील साली यावे. रदबदली चालणार नाही. हे ऐकून भिंगरीबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. घरी येताना बापाचा हात धरून हळूच पुसले, "बाबा, मला जमेल ना?"

"मी आहे ना," बाबाराव बोलिले. आणि येथेच मोहिमेस पहिली खोट आली, पण ती त्यांस समजली नाही.

मग बाबारावांनी रजा घेऊन सरंजाम मांडला. फुगेवाले प्लास्टिक आणिले, पुठ्ठे आणिले, चिकटपट्टीची भेंडोळी आणिली. विजेरी पुठ्ठ्याच्या नळीत गेली, नळी मोज्यात गेली, मोजा मगात गेला, आणि पाण्याचा मग फुग्यांत लपेटून बॅगेच्या मध्यभागी किल्लेदार म्हणून बसला. सदरे गुंडाळून भोवती तट केला, बुटांचे बुरूज जाहले, साबणाच्या डबीस तर चारी कोपऱ्यांनी कुमक ठेविली. बॅगेत वाऱ्यासही वाट राहिली नाही. जित्याची खोड, ती जाते कोठे!

आईसाहेब दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण ती उघडणार कशी?"

"उघडायची कशाला? काही फुटणार नाही, झालं तर!"

जन्मभर दुसऱ्यांचे सामान एका घरून दुसऱ्या घरी अखंड पोचविले, परंतु मधल्या वाटेत कोणास त्यातील टोपी लागते, हा विचार या हुन्नरात बसतच नव्हता. भिंगरीबाईंनी मदतीस दोन वेळा हात पुढे केला, आणि दोन्ही वेळा "तू थांब, फाटेल" ऐसा हुकूम मिळून त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

नेमल्या दिवशी सकाळी मैदानावर बस उभी, मुले एके बाजूस, पालक चुन्याच्या रेषेमागे. शिबिरताईंनी आज्ञा केली जे, बॅग उघडावी, टोपी, विजेरी, बाटली काढून दाखवावी, आणि सर्व माघारी भरावे. भिंगरीबाईंनी चेन ओढिली. तोच दाबून बसविलेली फौज एकदम उसळली. सदरे बाहेर, बूट बाहेर, पाण्याचा मग घरंगळत बसखाली गेला, आणि फुगेवाले प्लास्टिक मैदानभर पसरताच शेजारची पोरे लुटीस धावली आणि फट् फट् ऐसी एकच फैर झडू लागली. त्या धुमाळीत बाईसाहेबांनी बसखालून मग ओढून आणिला, विजेरी सोडविली, आणि बापाने केले तैसे करावयास बसल्या. पुठ्ठा वाकला. चिकटपट्टी केसांस चिकटली. बॅग मिटेना. बाकीच्या मुलांच्या बॅगा मिटत चालल्या, आणि बाईसाहेबांचे डोळे भरले.

बाबाराव रेषा ओलांडते जाहले.

"बाबा, रेषेच्या मागे," शिबिरताईंनी जागेवरूनच फर्माविले.

बाबाराव माघारी आले. त्यांचे हात ऐसे शिवशिवत होते की दोन्ही खिशांत कोंडून ठेविणे भाग पडले. समोर बाटली आडवी, बूट धुतल्या सदऱ्यावर, मग उताणा, आणि त्यांच्या जिवास एकेक घाव बसत होता; आपण पोरीस काहीच शिकविले नाही, सारे आपणच केले, हे त्यांस त्या उन्हात उभे राहून कळले आणि फार वाईट वाटले.

"बघवत नसेल तर डोळे मिटा," आईसाहेब हळूच म्हणाल्या, आणि त्यांची बाही धरून ठेविली.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. भिंगरीबाईंनी मान वर करून रेषेकडे पाहिले. बाबारावांचा उजवा हात खिशातून अर्धा निघाला.

"नको बाबा! मी करते!"

अर्धा निघालेला हात माघारी खिशात गेला. मग बाईसाहेबांनी पुठ्ठे उचलून बाजूस फेकिले, उरलेसुरले प्लास्टिक शेजारच्या पोरांस इनाम दिले, बॅग पालथी करून रिकामी केली, आणि हातास येईल ते कोंबीत चालल्या. मोजे मगात नव्हे तर बुटांत, टोपी डोक्यावर, विजेरी आणि बाटली बाहेरच्या खिशात. आणि वर चढून बॅगेवर बसल्या, आणि दात ओठ खाऊन चेन ओढिली, ती अडली, मग उतरून फिरून बसल्या, आणि ओढिली. मिटली. एक बाही आणि टॉवेलाचे टोक बाहेर लोंबत राहिले, त्याची त्यांनी पर्वा केली नाही.

शिबिरताईंनी टोपी पाहिली, विजेरी लावून पाहिली, बाटली पाहिली, आणि मान डोलाविली. बाईसाहेब बसमध्ये चढल्या.

ड्रायव्हर बॅगा चढवीत होता. ही बॅग हाती येताच लोंबती बाही बघून त्यास हसू आवरेना. "हे कुणी भरलंय हो?"

ज्यांच्या बांधणीस उभ्या कंपनीत तोड नव्हती, ते बाबाराव रेषेवर उभे राहून सर्वांस ऐकू जाईल ऐसे ओरडले, "माझ्या लेकीनं!"

येणेप्रमाणे बॅग भिंगरीबाईसाहेबांनी स्वहस्ते भरिली, स्वारी तळ्याकडे कूच करून गेली, आणि फत्ते त्यांचे नावे दाखल जाहली. बस वळणाआड होईतो तीर्थरूपांचे हात खिशांतच होते. हीही फत्तेच, सबब तीही नोंदविली असे.